परिचारिकेच्या जादा तासांचा हिशेब

जादा काम, म्हणजे कामगारांच्या बोलीतला ओव्हरटाइम, आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मुंबई-गोवा रस्त्याने नागोठणे सोडले की खांब लागते, पुढे कोलाड, आणि आत वळले की रोहे व त्याच्या शेजारचे धाटाव. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहिले तेव्हापासून या पंचक्रोशीतल्या घरांत पाळी, रिलीव्हर, डबल हे शब्द लावणी-कापणीच्या शब्दांइतकेच रुळले आहेत. बदली माणूस आला नाही तर पुढची पाळी करायची आणि महिनाअखेर पगारपत्रकावर त्या तासांचा वेगळा आकडा पाहायचा, हे येथल्या बापाला ठाऊक आहे. तो आकडा चुकला तर कोणाकडे जायचे, हेही त्याला ठाऊक आहे.

त्याच बापाची मुलगी परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करून अलिबाग, पनवेल, मुंबई किंवा पुणे येथल्या एखाद्या रुग्णालयात लागते. तीही पाळीत काम करते. तिचाही रिलीव्हर येत नाही, आणि तीही डबल करते. पण अनेक ठिकाणी तिच्या पगारपत्रकावर तो वेगळा आकडा नसतो. घरी फोन करून ती सांगते की आज उशीर झाला, उद्याही होईल. बाप विचारतो, ओव्हरटाइम किती धरला? ती म्हणते, आमच्यात तसे नसते. 'आमच्यात तसे नसते' या उत्तरामागे काय आहे, ते उलगडून पाहण्याचा येथे आमचा विचार आहे.

प्रथम हे जादा काम असते तरी कसे, ते पाहू. त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार पाळीच्या दोन टोकांना चिकटलेला असतो. पाळी सुरू होण्यापूर्वी येऊन आधीच्या बाईकडून एकेका रोग्याचा चार्ज घ्यायचा, आणि पाळी संपल्यावर तसाच चार्ज देऊन, औषधांच्या व लघवी-सलाइनच्या नोंदी पुऱ्या करून निघायचे. यात रोज अर्धा तास ते तास जातो, आणि तो कोणी कामात धरीत नाही. दुसरा प्रकार रिलीव्हर न आल्याचा. रोग्यांना सोडून जाता येत नाही, म्हणून सकाळची बाई दुपारचीही पाळी करते. तिसरा प्रकार सुट्टीच्या दिवशी बोलावण्याचा. अनेक रुग्णालयांत सकाळ व दुपार या सहा-सात तासांच्या दोन पाळ्या आणि रात्रीची एकच बारा तासांची पाळी असते. त्या बारा तासांना पुढे दोन तास जोडले गेले, तर ती बाई चौदा तास उभी असते, आणि तेही झोपेच्या वेळी.

हा भार नव्या मुलीवर अधिक का पडतो? ती बहुधा रुग्णालयाच्याच वसतिगृहात राहते, म्हणून तिला बोलावणे सोपे असते. ती उमेदवारीच्या काळात असते, आणि कायम होण्याची शिफारस जिच्या हातात आहे तिला 'नाही' म्हणणे अवघड जाते. 'अजून शिकते आहेस, जितके करशील तितके शिकशील' असे तिला सांगण्यात येते, आणि त्यात थोडेसे तथ्य असल्यामुळे तिचे तोंड बंद होते. शिवाय बंधपत्रावर सही झालेली असते. काही ठिकाणी तर मूळ प्रमाणपत्रेच कार्यालयाच्या कपाटात असतात. २०११-१२ साली मुंबई, दिल्ली व केरळ येथील खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी जे संप केले, त्यांत पगाराच्या जोडीने बंधपत्र आणि अडकवलेली प्रमाणपत्रे हाच तक्रारीचा विषय होता.

आता मूळ कारणाकडे येऊ. रिलीव्हर का येत नाही? पुष्कळांना वाटते की कोणी आजारी पडते, कोणाला घरची अडचण येते, म्हणून. पण माणसे आजारी पडणार, त्यांच्या घरी लग्नकार्ये होणार, बायकांना बाळंतपणे येणार, हे काही अकल्पित नाही. भारतीय परिचर्या परिषदेने परिचारिकांचे जे प्रमाण ठरविले आहे, त्यात हे धरलेले आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात सर्वसाधारण विभागात प्रत्येक पाळीला दर तीन रोग्यांमागे एक, इतर रुग्णालयांत दर पाच रोग्यांमागे एक, अतिदक्षता विभागात दर रोग्यामागे एक. आणि या सर्वांवर रजा-सुट्ट्यांसाठी तीस टक्के राखीव, असे ते प्रमाण आहे.

हे प्रमाण एका साध्या रुग्णालयाला लावून पाहू. तीस खाटांचा एक विभाग घ्या. पाच रोग्यांमागे एक म्हटले की एका पाळीला सहा परिचारिका झाल्या. तीन पाळ्यांना अठरा. त्यांवर तीस टक्के राखीव धरले की सुमारे चोवीस. आता त्या विभागात प्रत्यक्ष बाराच जणी नेमलेल्या असतील तर काय होईल? सहाच्या जागी तीन उभ्या राहतील, आणि त्यांतली एक रजेवर गेली की दोन. नाहीतर आधीच्या पाळीची बाई पुढे थांबेल. म्हणजे रिलीव्हर आली नाही असे जे आपण म्हणतो, ते पुष्कळदा खरे नसते. ती रिलीव्हर मुळात नेमलेलीच नसते.

या न नेमण्याचा पैशातला अर्थही पाहावा. उदाहरणादाखल महिना अठरा हजार रुपये पगार, आणि सव्वीस दिवस रोज आठ तास, म्हणजे २०८ तास काम धरू. तासाला सुमारे साडेशहाऐंशी रुपये झाले. कारखान्यातल्या दुप्पट दराने जादा तास १७३ रुपयांचा. एका मुलीने महिन्यात चाळीस तास जादा काम केले, तर तिचे सुमारे ६,९०० रुपये होतात. बारा जणींनी तसे केले तर ४८० तास भरतात, म्हणजे दोन पूर्ण नेमणुकांहून अधिक काम. आणि दुप्पट दराने त्याची वर्षाची किंमत दहा लाखांच्या घरात जाते. जेथे हे तास लिहिलेच जात नाहीत, तेथे त्या बारा मुली दरवर्षी ही रक्कम रुग्णालयाला देणगी म्हणून देत असतात. देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर मात्र त्यांची नावे दिसत नाहीत.

हे इतकी वर्षे खपले, याचे एक कारण 'सेवा' या शब्दात आहे. तो शब्द हलका नव्हे. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा घातली, त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनामार्फत, १९०९ नंतरच्या काळात, मुलींना व विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले. परक्याच्या अंगाला हात लावणे, रात्री घराबाहेर राहणे, या गोष्टींना त्या वेळच्या समाजाचा विरोध होता. त्या विरोधाला तोंड देण्यासाठी सेवा हा शब्द ढालीसारखा उपयोगी पडला, आणि त्याच्या आडून हजारो स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. पुढे मात्र ही ढाल दुसऱ्याच हातांत गेली. तास मोजू लागलेल्या मुलीला 'ही सेवा आहे, नोकरी नव्हे' असे सुनावण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. आमचे म्हणणे इतकेच की, सेवा करणाऱ्यालाही भूक व झोप असते, आणि सेवेचे तास मोजल्याने सेवा बाटत नाही.

दुसरे कारण तुटवड्याचे. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात परिचारिका होत्या सुमारे सात हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. त्या काळी थोड्या हातांनी पुष्कळ काम उरकणे भागच होते. आज परिस्थिती तशी नाही. गावोगावच्या परिचर्या विद्यालयांतून दरवर्षी मुली बाहेर पडत आहेत. एकीकडे परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलगी नोकरी शोधीत फिरते, आणि दुसरीकडे नोकरीतली मुलगी दोघींचे काम करते. येथे तुटवडा माणसांचा नाही, नेमणुकांचा आहे. सरकारी रुग्णालयांतही जागा रिकाम्या ठेवणे व कंत्राटी भरती करणे यांविरुद्ध महाराष्ट्रातल्या परिचारिकांना मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये संपावर जावे लागले.

कायदा यात कोठे आहे? कामाचे तास आपल्याकडे कोणी कृपा म्हणून कमी केलेले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. आंबेडकर केंद्र सरकारात मजूरमंत्री असताना तयार झालेल्या दुरुस्तीने १९४६ साली कारखान्याचा आठवडा ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने जादा तासाला दुप्पट दर लावला. ज्या गिरण्यांत आमच्या कोकणातल्या दोन-तीन पिढ्या राबल्या, त्यांच्या भोंग्यामागे हा इतिहास आहे. पण रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे. म्हणून तो कायदा रुग्णालयाच्या दारापाशी थांबला.

दार ठोठावले ते रुग्णालयातल्याच लहान माणसांनी. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन वॉर्ड-सेविकांना १९५४ साली कामावरून कमी करण्यात आले. त्यांच्या बाजूने हॉस्पिटल मजदूर सभा उभी राहिली. रुग्णालय हा उद्योगच नाही, असे सरकारचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९६० साली निकाल दिला की अशी रुग्णालये औद्योगिक कलह कायद्याच्या अर्थाने उद्योग ठरतात. १९७० साली न्यायालयाने हे मत फिरविले, आणि १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने ते पुन्हा प्रस्थापित केले. झाडू आणि बेडपॅन उचलणाऱ्या दोन स्त्रियांच्या फिर्यादीतून ही वाट पडली, हे आजच्या पदवीधर परिचारिकेने विसरू नये.

पुढे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रुग्णालये, दवाखाने व प्रसूतिगृहे यांचे नाव घेऊन त्यांना आस्थापनेच्या व्याख्येत आणले. जादा कामाला दुप्पट दर सांगितला, आणि रात्री काम करणाऱ्या स्त्रियांच्या संरक्षणाची व घरापर्यंत वाहनाची जबाबदारी मालकावर टाकली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील कार्यस्थितीविषयक संहितेत आठ तासांचा दिवस व दुप्पट दर आहे, आणि जादा काम कामगाराच्या संमतीने घ्यावे असेही म्हटले आहे. मात्र औद्योगिक संबंधांच्या संहितेने धर्मादाय वा परोपकारी कार्य करणाऱ्या संघटनांच्या संस्था उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. सरकारी रुग्णालयांची गोष्ट निराळी. तेथे सेवानियम चालतात, आणि रोख रकमेऐवजी बदली सुट्टी देण्याची पद्धत आहे. ती सुट्टी घ्यायला माणूसच नसेल, तर ती कागदावरच राहते. म्हणून नोकरी लागताच प्रत्येक मुलीने पहिला प्रश्न हा विचारावा, की माझे रुग्णालय कोणत्या नियमाखाली येते?

पगाराविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. परिचारिकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारीइतका पगार असावा; शंभर ते दोनशे खाटांच्या ठिकाणी तो सरकारीपेक्षा फार तर दहा टक्के, व पन्नास ते शंभर खाटांच्या ठिकाणी पंचवीस टक्के कमी असावा; आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी वीस हजारांखाली जाऊ नये. कामाचे तास व रजा यांतही सरकारी परिचारिकेशी बरोबरी असावी, असे समितीचे मत होते. ही शिफारस आहे, अंमलबजावणी नव्हे. पण मागणी करताना दाखवायला हा कागद पक्का आहे.

आता कोणी म्हणेल, हा परिचारिका व मालक यांच्यातला प्रश्न. आम्हा ऐकणाऱ्यांचा त्यात काय संबंध? संबंध खाटेवर पडलेल्या माणसाचा आहे, आणि तो आज ना उद्या आपल्या घरातला असतो. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३९३ परिचारिकांनी आपल्या ५,३१७ पाळ्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. साडेबारा तास वा त्याहून लांब पाळीत चूक होण्याचा संभव सुमारे तिप्पट आढळला. यात नवल नाही. परिचारिकेचे काम ओझे उचलण्याचे जितके आहे, त्याहून अधिक लक्ष ठेवण्याचे आहे. औषधाच्या दोन बाटल्या सारख्या दिसतात, दशांशचिन्ह एका घराने सरकते, दोन रोग्यांची आडनावे एक असतात, सलाइनचे थेंब जलद पडतात. जुनी बाई अंगवळणी पडलेल्या सवयीने थकव्यातही तोल सांभाळते. नव्या मुलीला प्रत्येक गोष्ट आठवून करावी लागते, आणि थकव्यात पहिली जाते ती आठवण.

दुसरे नुकसान सावकाश दिसते. अमेरिकेतल्याच मार्लीन क्रेमर या परिचर्येच्या अभ्यासिकेने १९७४ साली एक पुस्तक लिहून दाखविले की, शाळेत शिकविलेली परिचर्या आणि वॉर्डातली परिचर्या यांतील अंतराचा धक्का नव्या परिचारिकांना बसतो, आणि त्या पेशा सोडतात. आपल्याकडेही तीन किंवा चार वर्षे शिकून, परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून आलेली मुलगी दोन वर्षांत घरी बसते, नाहीतर परदेशाची वाट धरते. तिच्या शिक्षणासाठी बापाने काढलेले कर्ज राहते, आणि वॉर्डात तिच्या जागी आणखी एक नवी, आणखी थकणारी मुलगी येते.

एक आक्षेप मात्र रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. रुग्णालयाचे काम घड्याळावर बंद करता येत नाही. आमच्या या रस्त्याचेच पाहा. पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. या रस्त्यावरच्या अपघातांची बातमी आम्हाला नवी नाही. रात्री एखादी बस उलटली आणि वीस जखमी आले, तर पाळी संपली म्हणून कोणती परिचारिका निघून जाईल? एकही नाही, आणि तिने जाऊही नये. पण अशी रात्र म्हणजे आणीबाणी. ती महिन्यातून दहा वेळा येऊ लागली, तर तिला आणीबाणी म्हणता येत नाही, ती वहिवाट झाली. आणीबाणीसाठी माणुसकी लागते; वहिवाटीसाठी नेमणुका लागतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली परिचारिकांसाठी वेगळा करार व शिफारस केली, तीत जादा काम धरूनही दिवस बारा तासांपलीकडे जाऊ नये व दोन पाळ्यांमध्ये सलग बारा तास विश्रांती असावी, असे म्हटले आहे. ही अपेक्षा काही चैनीची नाही.

मग नव्या मुलीने करावे काय? आमचा संघटनेतला अनुभव सांगतो की, भांडणाची सुरुवात भांडणाने करू नये, वहीने करावी. एक साधी वही घ्यावी. रोज आल्याची वेळ, चार्ज दिल्याची वेळ, थांबायला कोणी सांगितले, कशासाठी, आणि त्या पाळीला रोगी किती व परिचारिका किती, एवढे पाच रकाने पुरे. तोंडी हुकूम आला तर नम्रपणे म्हणावे, 'सिस्टर, रजिस्टरला लिहून देता का?' रोग्यांना वाऱ्यावर सोडून जाऊ नये. पण आता हातून चूक होईल असे वाटले, तर तसे प्रमुख परिचारिकेला स्पष्ट कळवावे आणि त्याची नोंद ठेवावी. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, हवाली करू नयेत. नेमणूकपत्र वाचल्याशिवाय सही करू नये.

ही वही केवळ पैशासाठी नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, आणि त्या दिवशी अकरा रोगी दगावले. पुढे अटक झाली ती एका डॉक्टरला व तीन परिचारिकांना. त्या प्रकरणाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. पण काही विपरीत घडले की जबाब पहिल्याने खाटेजवळच्या बाईला द्यावा लागतो, एवढे त्यावरून कळते. त्या पाळीला किती जणी होत्या आणि ती किती तास उभी होती, हे सांगणारा कागद तिच्याजवळ असला पाहिजे.

आणि एकटीची वही एकटीच राहू नये. बारा जणींच्या बारा वह्या एका टेबलावर ठेवल्या की त्यांतून वर मांडलेला हिशेब आपोआप उभा राहतो. मग व्यवस्थापनाला 'आम्ही दमतो' असे सांगावे लागत नाही, 'दोन नेमणुका कमी आहेत' असे सांगता येते. पहिल्या वाक्याला उपदेश मिळतो, दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते. कामगार संघाच्या नोंदणीचा अर्ज करायला १९२६ च्या कायद्याने सात सभासद पुरेसे ठरविले होते, नव्या संहितेतही तो आकडा सातच आहे. एका विभागात सात जणी सहज मिळतात.

शेवटी आपणा नागरिकांकडे येतो. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण सर्वांनी दारात उभे राहून थाळ्या वाजविल्या. ते मनापासून होते. आता त्याहून कमी आवाजाचे एक काम करावे. आपला रोगी दाखल करताना खोलीचे भाडे विचारतो, तसेच हेही विचारावे: रात्री या विभागात रोगी किती आणि परिचारिका किती? आपल्यापैकी कोणी एखाद्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर असतील, कोणी पंचायतीत, कोणी रुग्ण कल्याण समितीत असतील. त्यांनी पुढच्या बैठकीत हजेरीपट मागवून घ्यावा आणि मंजूर जागा, भरलेल्या जागा व जादा तास हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत. आणि ज्यांच्या घरची मुलगी रुग्णालयात आहे, त्या बापांनी तिला पुन्हा एकदा तोच प्रश्न करावा, 'ओव्हरटाइम किती धरला?' ती म्हणाली की आमच्यात तसे नसते, तर तिला सांगावे की आमच्यातही एके काळी तसे नसे.